तणनाशकाचा गुण कोणाच्या मालकीचा?

"शेत माझें, पैसा माझा, औषधाची बाटली मीं विकत घेतलेली, तें किती वेळां व कसें फवारावें हें शेजाऱ्यानें मला कां सांगावें?" गेल्या पावसाळ्यांत कपाशी पिकविणाऱ्या एका परिचित गृहस्थांनीं आम्हांला हा प्रश्न केला. त्यांचा स्वर चढला होता, आणि तें स्वाभाविकच होतें. बांधापलीकडच्या शेतकऱ्यानें त्यांना सकाळींच दोन शब्द ऐकविले होते. त्या वेळीं आम्हीं जें उत्तर दिलें तें घरीं परततांना आमचें आम्हांलाच अपुरें वाटलें. प्रश्न वरवर शेतीचा दिसतो. पण मालकी म्हणजे काय, आणि स्वतःच्या कुंपणाच्या आंत केलेल्या कृत्याचा हिशेब कुंपणाबाहेरच्यांना द्यावा लागतो कीं काय, असा तो नीतीचा प्रश्न आहे. वाचकांनीं आमच्याबरोबर त्याचा सावकाश विचार करावा अशी विनंति आहे.

प्रथम वस्तुस्थिति समजून घेऊं. मनुष्याला जशी अफूची संवय जडते तशी तणाला औषधाची संवय होते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. एकच रोप औषध पिऊन पिऊन निगरगट्ट होत नाहीं. शेतांत तणाचीं लक्षावधि रोपें उगवतात. त्यांत एखादें जन्मतःच असें असतें कीं इतरांस मारणारें औषध त्याला मारीत नाहीं. फवारणीच्या आधीं तें गर्दींत लपलेलें असतें. फवारणी होतांच त्याचे सारे भाऊबंद मरतात, आणि पाणी, खत, ऊन ह्या सर्वांचा वारसा त्या एकट्याला मिळतो. त्याचें बीं पडतें. पुढच्या वर्षीं तेंच औषध, त्याच वेळीं. आणि पुन्हां त्याच्याच लेंकरांना मोकळें रान. बियाण्यासाठीं उत्तम कणसें निवडून ठेवणारा शेतकरी जें जाणून करितो तेंच फवारणारा न जाणतां करीत असतो. कॅनडांतील आंटेरिओ प्रांतांत रानगाजर टू-फोर-डी ह्या औषधाला दाद देत नाहीं असें १९५७ सालींच आढळलें होतें. गोष्ट नवी नव्हे. लक्ष मात्र उशिरां गेलें.

आपल्या देशांत हा धडा हरियाणा व पंजाब येथील गहूं पिकविणाऱ्यांस मिळाला. तेथें गुल्ली डंडा नांवाचें एक तण आहे. कोणी त्याला मंडूसी म्हणतात. ओंबी येईपर्यंत तें गव्हासारखेंच दिसतें, त्यामुळें निंदणाऱ्याच्या डोळ्यांस तें लवकर ओळखूं येत नाहीं, आणि त्याचें बरेंचसें बीं गहूं कापण्यापूर्वींच जमिनीवर गळून पडतें. १९८० च्या दशकांत त्यावर आयसोप्रोट्यूरॉन हें औषध सर्रास वापरांत होतें. भातामागून गहूं, गव्हामागून भात, आणि दर हिंवाळ्यांत तेंच औषध, असें दहा-पंधरा वर्षें चाललें. कित्येकांनीं तें मात्रेपेक्षां कमी वापरलें. कित्येकांनीं पंप न घेतां वाळूंत किंवा युरियांत कालवून हातानें फेंकलें. १९९० च्या दशकाच्या आरंभीं हिसार येथील कृषि विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं त्या औषधाला तण आतां जुमानीत नाहीं. कांहीं शेतांत तें इतकें माजलें कीं हिरवा गहूंच कापून गुरांपुढें टाकण्याची पाळी आली. विशेष चमत्कारिक हें कीं, गहूं ज्या युक्तीनें त्या औषधापासून आपला बचाव करितो, म्हणजे तें आपल्या अंगांत मोडून निरुपद्रवी करितो, तीच युक्ति ह्या तणाच्या अंगीं आढळली. रूपानें तें गव्हासारखें होतेंच. आतां गुणानेंही झालें. १९९७-९८ च्या सुमारास दुसरीं औषधें पुढें आलीं. त्यांतील कित्येकांचीही पुढें तीच गत झाली.

(येथें आमच्या वाचकांस निदणाचा दाखला आठवल्याशिवाय राहणार नाहीं. त्या दाखल्यांतील निदण म्हणजे गव्हासारखें दिसणारें एक गवत असावें असें विद्वान मानितात. त्याच गवताच्या गोत्रांतील एका तणावर ग्लायफोसेट हें औषध चालत नाहीं असें ऑस्ट्रेलियांत १९९६ सालीं दिसून आलें. दाखल्याचा अर्थ वेगळा आहे आणि तो येथें ओढून आणण्याची आमची इच्छा नाहीं.)

कपाशीवाल्यांस मात्र अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानाची हकीकत अधिक जवळची वाटेल. ग्लायफोसेटनें न मरणारी कपाशी तेथें १९९७ सालापासून पेरूं लागले. कुदळ-खुरपें कोपऱ्यांत गेलें. एकच औषध, सर्व तणांवर. सात वर्षांनीं, २००४ सालीं, मेकन परगण्यांतील एका शेतांत आपल्या माठ-राजगिऱ्याच्या कुळांतील एक तण त्या औषधाला न जुमानतां उभें राहिलेलें आढळलें. ह्या तणाच्या एकेका मादी-झाडाला लाखों बिया येतात, आणि परागही वाऱ्यावर दूर जातो. थोड्याच वर्षांत तेथील शेतकऱ्यांना पुन्हां मजूर लावून हातानें तण काढावें लागलें. आणखी एक तण त्याच सुमारास तेथें बळावलें, तें म्हणजे आपल्या शेतांतील केना. केन्याला ग्लायफोसेट मुळांतच फारसें बाधत नाहीं; बाकीचीं तणें मेलीं आणि त्याला ऐसपैस जागा झाली.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळूं. बाटली त्यांची, हें खरें. पण बाटलींतील पाण्याला किंमत कशामुळें आली? तण त्यानें मरतें म्हणून. आणि औषधानें मरावें हा तणाचा स्वभाव कांहीं बाटलींतून येत नाहीं. तो तणाच्या ठायीं असतो, आणि तण तर कोणी विकत घेतलेलें नाहीं. शिवारांतील तण औषधाला वश आहे, ही साऱ्या गांवाची ठेव आहे. ती खर्च करण्याचा हक्क प्रत्येकाला असेल. संपवून टाकण्याचा हक्क एकाला कोठून येणार? कारण निर्ढावलेलें बीं बांध ओळखीत नाहीं. पाटाच्या पाण्याबरोबर, उसन्या बियाण्यांतून, भाड्याच्या मळणीयंत्रांतून तें जातें. विहीर उपसली तर पुढच्या पावसानें भरते. ही ठेव तशी भरत नाहीं. १९८० च्या दशकानंतर सुमारें तीस वर्षें अगदीं नव्या रीतीनें तण मारणारें एकही महत्त्वाचें औषध बाजारांत आलें नाहीं.

ह्यावर ते गृहस्थ म्हणाले असते, आणि म्हणालेही, कीं "हजारों शेतकरी फवारतात, माझ्या तीन एकरांनीं असा काय फरक पडणार? मीं हात आवरला तर ते थोडेच आवरतील?" हा हिशेब खोटा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. एकट्याचा संयम कित्येकदां वायां जातो. त्याचें पीक तणांत बुडतें आणि ठेव तरीही संपते. म्हणून "तुम्ही फवारूं नका" असें सांगणें हें आम्हांला सोपें व अन्यायाचें वाटतें. आमच्या मतें त्यांचें कर्तव्य पहिल्यानें फवारण्याचें किंवा न फवारण्याचें नाहीं. शेजाऱ्याशीं बोलण्याचें आहे. जी वस्तु समाईक आहे ती समाईक विचारानेंच राखतां येते.

आणि येथेंच एक काटा आहे. ग्लायफोसेट सोसणाऱ्या कपाशीच्या लागवडीला आपल्या सरकारची परवानगी नसतां तिचें बीं विदर्भांत चोरून येऊं लागलें. जून २०१९ मध्यें अकोला जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं आंदोलन म्हणून तें उघडपणें पेरलेंही. परवानगी असावी कीं नसावी ह्या वादांत आम्ही पडत नाहीं. पण ज्या बियाण्याची पावती नाहीं व ज्याच्या पाकिटावर खरें नांव नाहीं, त्याविषयीं शेतकऱ्यानें कृषि अधिकाऱ्यास काय विचारावें? शेजाऱ्याशीं तरी मोकळेपणानें कसें बोलावें? चोरीछुपीनें समाईक ठेवीचा हिशेब ठेवतां येत नाहीं. ह्या आडपडद्याचा दोष एकट्या पेरणाऱ्यावर टाकणें मात्र बरोबर नव्हे. विकणारा शहाणा असतो आणि घेणारा पेरणीच्या घाईंत व कर्जांत असतो.

निंदणाऱ्या बायकांविषयीं बोलल्याशिवाय हा विचार प्रामाणिक होणार नाहीं. औषधानें त्यांची रोजी गेली, असें म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि तें खरें आहे. पण दिवसभर ओणवें राहून चिखलांत खुरपें चालविणें ही कांहीं मिरविण्यासारखी स्थिति नाहीं. ज्यांनीं तें केलें त्यांच्या मुली तें करूं इच्छीत नाहींत, आणि आम्ही त्यांस दोष देत नाहीं. ऐन हंगामांत मजूर मिळत नाहीं म्हणून रडकुंडीस आलेला शेतकरीही आम्हीं पाहिला आहे. औषध ही त्या दोघांचीही सोय आहे, म्हणून तर तें टिकलें पाहिजे.

तें टिकविण्याचे उपाय गुप्त नाहींत. हरियाणांत कांहींनीं गव्हाऐवजीं एखाद्या वर्षीं बरसीम घास केला. तो वारंवार कापला जातो, म्हणून गुल्ली डंड्याला बीं धरण्यास सवड मिळत नाहीं. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुष्कळांनीं नांगरणी न करितां भाताच्या धसकटांतच गहूं पेरण्यास आरंभ केला. जमीन न उलथल्यामुळें तण कमी उगवतें. औषध बदलावें, पूर्ण मात्रेनें व वेळेवर द्यावें, आणि फवारणींतून जें वांचलें तें फुलण्यापूर्वीं हातानें उपटावें. ह्या शेवटच्या कामाची आम्हांस सर्वांत अधिक किंमत वाटते. तें कंटाळवाणें आहे, आणि बहुतेकांचा "दोन-चार रोपांनीं काय होतें" असा समज असतो.

गेल्या महिन्यांत ते गृहस्थ पुन्हां भेटले. त्यांच्या शेतांत बांधाच्या कडेनें केना माजला होता, आणि बांधापलीकडेही. दोघांनीं मिळून चार बायका लावल्या. त्यांतील एकीनें त्यांना सांगितलें कीं उपटलेला केना शेतांतच टाकूं नका, त्याच्या तुकड्यांना पुन्हां मुळें फुटतात; तेव्हां त्याचे भारे बांधून बाहेर काढले. मजुरी निम्मी-निम्मी द्यावी असें ठरलें होतें. आतां शेजारी म्हणतो कीं केना तुमच्याकडून आला, हे म्हणतात कीं तुमच्याकडून. बायकांना त्यांचे पैसे मिळाले आहेत. उरलेला वाद रविवारीं पारावर बसून मिटवावयाचा आहे, आणि आम्हांलाही बोलावणें आहे.