शुश्रूषेची मर्यादा

घरातील वडीलधारे माणूस अंथरुणास खिळले, म्हणजे त्या माणसाबरोबर घरच्या मंडळींचीही परीक्षा सुरू होते. पाण्याचा पेला त्यांच्या ओठांस लावावा, सदऱ्याच्या गुंड्या आपण घालाव्या, त्यांना जागचे हलू देऊ नये, ह्यालाच आपण सेवा म्हणत आलो. देवळाच्या सभामंडपात कीर्तनकारांच्या मुखातून पुंडलिकाची कथा ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. आईबापांच्या सेवेत खंड पडू नये म्हणून प्रत्यक्ष देवास विटेवर तिष्ठत ठेवणारा तो भक्त आमच्या मनात घर करून बसला आहे, आणि तो तेथून हलावा अशी आमची मुळीच इच्छा नाही. तथापि ह्या सेवेसंबंधी एक प्रश्न काही दिवस आमच्या मनास टोचत आहे. आजाऱ्याचे कोणते काम आपण करावे, आणि कोणते त्याचे त्याच्याकडूनच होऊ द्यावे? वरवर हा सोयीचा प्रश्न दिसतो. वस्तुतः तो धर्माचा आहे, असे आम्हांस वाटते.

ज्या प्रसंगाने हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, तो आधी सांगतो. अंत्रुज महालातील एका देवस्थानाजवळ आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ राहतात. पहाटे स्नान करून घरच्या देवांची पूजा करावी आणि मग देवळात जावे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा क्रम. एके दिवशी त्यांच्या अंगावरून वारे गेले आणि उजवी बाजू लुळी पडली. रुग्णालयातून घरी आल्यावर मुलाने पूजा आपल्याकडे घेतली, सून घास भरवू लागली, आणि त्यांच्या पत्नी तर क्षणभरही उशापासून हलेनात. त्या घरातील सेवा पाहून येणारेजाणारे धन्य धन्य म्हणत.

रुग्णालयाच्या सांगण्यावरून भौतिकोपचार, म्हणजे ज्याला आपण सर्रास फिजिओथेरपी म्हणतो ते, करणारी एक तरुण मुलगी आठवड्यातून तीनदा घरी येऊ लागली. तिने पहिल्याच दिवशी विचारले, “आजोबा, तुमचा हा हात रोज काय काम करीत असे?” आजोबांस नीट बोलता येत नव्हते. त्यांनी डाव्या हाताने देवघराकडे बोट दाखविले. दुसऱ्या खेपेस तिने सहाण आणि चंदनाचे खोड मागवून त्यांच्यापुढे ठेविले, उजव्या हाताची बोटे खोडाभोवती वळविली आणि म्हणाली, “आता उगाळा.” खोड निसटले, पाणी सांडले, पुन्हा धरले, पुन्हा निसटले. वृद्धाच्या कपाळावर घाम आला आणि डोळ्यांत पाणी. तेव्हा त्यांच्या पत्नी दारातून म्हणाल्या, “बाई, ह्यांना देवाने शिक्षा केली ती पुरे नाही का? त्यात तुम्ही आणखी का छळता?”

आम्ही त्या वेळी तेथेच बसलो होतो. खरे सांगायचे, तर आमच्याही मनात हेच आले होते.

ह्या बाईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एक तर तो प्रेमातून आला होता. आणि दुसरे असे की, शतकभरापूर्वीचे वैद्यकही बव्हंशी त्यांच्याच बाजूचे होते. आजारी माणसास अंथरुणात निश्चल ठेवणे हाच उपचार, अशी डॉक्टरांचीही समजूत होती. पोलिओ झालेल्या मुलांचे हातपाय महिनोन्‌महिने पट्ट्यांत नि प्लास्टरमध्ये जखडून ठेवीत. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी ह्या परिचारिकेने ह्याविरुद्ध आवाज उठविला. गरम पाण्यातून पिळून काढलेल्या लोकरीच्या कापडाने स्नायू शेकावे आणि मुलाकडून त्या स्नायूंची हालचाल पुन्हा शिकवून घ्यावी, असा तिचा आग्रह. १९४० साली ती अमेरिकेस गेली आणि तेथे तिच्या पद्धतीस मान्यता मिळू लागली. रोगाविषयीची तिची सर्वच मते टिकली नाहीत. पण मुलांना जखडून ठेवण्याची चाल तिच्यामुळे मागे पडली. पुढे १९४७ साली रिचर्ड अॅशर ह्या इंग्रज वैद्याने अंथरुणात पडून राहण्याचे धोके सांगणारा एक लेख लिहिला. निजून राहिल्याने स्नायू झिजतात, सांधे आखडतात, पाठीस व्रण पडतात, पायाच्या शिरांत रक्त गोठते, छातीत कफ साठतो. विश्रांती हेही एक औषध आहे आणि त्याची मात्रा चुकली तर तेही बाधते, हे त्यानंतर हळूहळू सर्वांस पटत गेले. साध्या कंबरदुखीचे उदाहरण घ्या. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात काही रुग्णांस दोन दिवस आणि काहींस सात दिवस निजून राहण्यास सांगितले होते. सात दिवसांनी अधिक गुण आला नाही; दोन दिवसांचे रुग्ण मात्र लवकर कामावर गेले.

आपल्याकडेही ह्या विद्येचे पाऊल पोलिओच्या निमित्तानेच पडले. मुंबईस के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भौतिकोपचाराची शाळा निघाली, आणि १९५५ साली हाजी अलीजवळ भौतिक चिकित्सा व पुनर्वसन यांची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला, त्याच्या निमित्ताने आलेली विद्या मात्र आज पक्षाघात, मोडलेले हाड, गुडघ्याची झीज, दमा अशा कितीतरी आजारांत उपयोगी पडत आहे.

ही सारी परकी विद्या आहे, आपल्या आयुर्वेदास असा खटाटोप मान्य नाही, असे काही वाचक म्हणतील. त्यांस आम्ही नम्रपणे चरकसंहितेकडे पाहण्यास सांगू. चिकित्सेचे चार पाद तेथे सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. रोगी हा चिकित्सेचा विषय म्हणून बाजूस पडून राहिलेला नाही. तो त्या चौघांपैकी एक आहे. त्याच्या अंगी स्मरणशक्ती हवी, सांगितले तसे करण्याची वृत्ती हवी, निर्भयपणा हवा, आणि आपले दुखणे नीट सांगता यावे, अशी अपेक्षा आहे. परिचारकाच्या गुणांत अनुराग, म्हणजे प्रेम, सांगितले आहे; पण त्याच्याच पंक्तीला उपचाराचे ज्ञान, दक्षता आणि शुचिता ही बसविली आहेत. आमच्या घरांत प्रेमाची उणीव क्वचितच असते. उणीव असते ती ज्ञानाची. आणि चौथ्या पादाचे काम तिसऱ्या पादाने उरकून टाकले, की पलंगाचा एक खूर कमी पडावा तसे होते.

तेल लावणे आणि शेकणे, म्हणजे स्नेहन आणि स्वेदन, ह्यांचा वातव्याधींवरील उपयोग आयुर्वेदाने विस्ताराने सांगितला आहे. शेकल्याने नि चोळल्याने वेदना कमी होते, ताठरलेले अंग सैल होते, आणि मायेचा हात अंगावरून फिरल्याने मनासही आधार वाटतो. परंतु चोळणारा चोळतो तेव्हा श्रम चोळणाऱ्याचे असतात. सैल झालेला हात नंतर त्याच्या धन्याने हलविला पाहिजे. तसे झाले नाही, तर रोजचे तेल हा केवळ नित्यनेम होऊन बसतो.

ह्याचे कारण आता पुष्कळ अंशी उमगले आहे. पक्षाघातात हात लुळा पडतो, पण इजा झालेली असते मेंदूस. मेंदूच्या उरलेल्या भागास ते काम नव्याने शिकावे लागते, आणि मेंदू शिकतो तो मुळाक्षरे गिरविणाऱ्या मुलाप्रमाणे, शेकडो वेळा गिरवूनच. आजारी माणूस एकदोनदा प्रयत्न करतो, फसतो, आणि मग चांगल्या हाताने भागवितो. घरचे लोक उरलेले काम करून टाकतात. काही आठवड्यांत त्या दुबळ्या हातात जी थोडी शक्ती परतलेली असते, तीही वापराविना निजून राहते. हे न वापरणेसुद्धा शिकलेले असते, असा सिद्धांत एडवर्ड टॉब ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडला आणि त्यावर एक विलक्षण उपाय सुचविला. चांगला हात जाड हातमोज्यात बांधून ठेवावयाचा, म्हणजे दुबळ्यास काम करावेच लागते! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात पक्षाघातास तीन ते नऊ महिने लोटलेल्या २२२ रुग्णांचा समावेश होता. त्यांतील ज्यांनी दोन आठवडे असा हात बांधून कसून सराव केला, त्यांचा दुबळा हात इतरांच्या मानाने अधिक सुधारला आणि ती सुधारणा वर्षभरानंतरही टिकली. हा उपाय सर्वांस लागू नाही. मनगट आणि बोटे थोडीतरी हलत असतील, त्यांच्यासाठीच तो आहे.

चांगला हात बांधण्यास जे धैर्य लागते, त्यास निर्दयता म्हणावे काय? आमचे उत्तर असे की, दया दोन प्रकारची असते. एक दया समोरच्याचे दुःख आपणांस पाहवत नाही म्हणून धावून जाते. दुसरी त्याच्या उद्याचा विचार करते आणि आज पाहवत नाही ते पाहत बसण्याचे कष्ट सोसते. पहिलीत आपल्या मनाच्या सुखाचा अंश मिसळलेला असतो, हे मान्य करणे जड जाते. घास भरविताना भरविणाऱ्यास समाधान लाभते. अर्धा घास सांडत सांडत स्वतः जेवणाऱ्यासमोर स्वस्थ बसणाऱ्यास ते लाभत नाही, शिवाय शेजारीपाजारी त्याला निष्ठुर म्हणतात ते वेगळेच.

परंतु येथे दुसऱ्या टोकास जाणेही तितकेच घातक आहे. पक्षाघात होताच चोवीस तासांच्या आत रुग्णास वारंवार आणि दीर्घकाळ उठवून पाहावे, अशा कल्पनेचे पाच देशांतील २१०४ रुग्णांवर परीक्षण झाले. त्याचा निष्कर्ष २०१५ साली बाहेर आला: अशी घाई केलेल्यांत चांगला गुण आलेल्यांचे प्रमाण थोडे कमीच भरले. अर्ध्या बलाने व्यायाम करावा, ही आयुर्वेदाची मर्यादा येथे आठवावी. लुळ्या हातास धरून माणसास ओढून उठविले, तर खांदा निसटून कायमचे दुखणे मागे लागते. एकाच पायास अचानक सूज आली असेल, तर तो मुळीच चोळू नये; आत रक्ताची गुठळी असल्यास ती सुटून प्राणावर बेतते. म्हणून किती करावे आणि कधी थांबावे, हे जाणत्याने ठरवावे; केवळ उत्साहाने ते ठरवू नये.

आणखी एक अन्याय होण्याचा संभव आहे, आणि आम्हांस त्याचीच अधिक भीती वाटते. प्रयत्नाने गुण येतो असे एकदा म्हटले, की ज्यांना गुण आला नाही त्यांचा प्रयत्नच उणा पडला, असे लोक बोलू लागतात. पूर्वी आपण आजाऱ्यास त्याच्या प्रारब्धाचा दोष देत होतो. आता आळसाचा देऊ. मेंदूची इजा किती खोल आहे, हे आजाऱ्याच्या हाती नसते. कित्येकांचा हात वर्षभर झटूनही उघडत नाही. तेव्हा प्रयत्नाचा अधिकार त्याला द्यावा, फळाचा जाब मात्र त्याला विचारू नये. निष्काम कर्माचा जो बोध आपण प्रवचनांत ऐकतो, त्याची कसोटी अशा खोलीत लागते. शिवाय हे कष्ट पाहण्याचे ओझे बहुधा घरातील एकाच स्त्रीवर पडते. तिच्याही पाठीचा आणि झोपेचा विचार बाकीच्यांनी केला पाहिजे.

शेवटी आपल्या देवस्थानांच्या महाजनांपाशी एक विनंती. देवळाच्या पायऱ्यांस एका बाजूने धरावयास कठडा, सभामंडपात दोन खुर्च्या आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर ओलावा राहू नये अशी व्यवस्था, ह्याला फारसा खर्च येत नाही. काठी टेकीत एक प्रदक्षिणा पुरी करणाऱ्यास वाट द्यावी. त्याला उचलून नेण्याची घाई करू नये. ज्याने आयुष्यभर देवळाच्या पायऱ्या चढल्या, त्याला पुन्हा तेथे जावयाचे आहे, ह्याहून व्यायामाचे मोठे कारण कोणते असेल?

त्या वृद्ध गृहस्थांचा हात पूर्वीसारखा झाला नाही. सदऱ्याच्या गुंड्या आजही मुलगाच घालतो. डावा हात वरून धरून ते आता खोड फिरवितात. गंध पातळ होते आणि त्यास वेळही फार लागतो. परवा आम्ही गेलो तेव्हा पूजा चालली होती. त्यांच्या पत्नी जवळच बसल्या होत्या. खोड एकदा निसटले. त्यांचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. गृहस्थांनी खोड पुन्हा धरले. सांडलेले पाणी पुसण्याचे काम मात्र त्या माउलीने आपल्याकडेच ठेविले आहे.