नदीचे मूळ शोधावे काय?

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पाणी निर्मळ असले की ओंजळीने प्यावे आणि वाटेला लागावे. व्यवहारात हे शहाणपणच आहे. परंतु ज्या पाण्यावर सारा गाव जगतो, त्याच्या उगमाकडे कोणीच कधी फिरकू नये काय? हा जुना प्रश्न आज संगणकाने नव्याने विचारला आहे.

विज्ञानाचे विद्यार्थी आता सर्रास पायथन ही संगणकाची भाषा वापरतात. १९९१ साली आलेली ही भाषा लिहायला सोपी, पण मोठ्या आकडेमोडीत संथ. म्हणून नमपाय, सायपाय यांसारखी साधने जड कामे सी आणि फोरट्रान या जुन्या भाषांवर सोपवतात. फोरट्रान तर १९५७ सालची. नातवाच्या घरात हिशेब अजून आजोबांच्या भाषेत चालावा, तसाच हा प्रकार. आपल्या दुभाषी घरांना त्याचे नवल वाटू नये.

मात्र या जुन्या भाषांतला मजकूर यंत्राला थेट कळत नाही. कंपायलर नावाचा दुभाष्या आधी त्याचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करतो. पूर्वी हे काम ज्याच्या त्याच्या संगणकावर करावे लागे. एखादा घटक कमी पडला की दिवस वाया जाई. २०१३च्या सुमारास पायथनमध्ये ‘व्हील’ नावाचे तयार संच रूढ होऊ लागले आणि एका ओळीच्या आज्ञेत सारे जागच्या जागी बसू लागले. आडगावच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही त्यामुळे मोठ्या संशोधकाची हत्यारे मिळाली. ही सोय लहान नव्हे.

पण हाती आले ते मूळ नव्हे, भाषांतर. परभाषेतला सरकारी कागद शेजारच्या जाणत्याकडून समजून घेऊन सही करण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर येतो. तिथे निदान मूळ कागद हाती असतो, दुसऱ्या कोणाला दाखवता येतो. यंत्राच्या आज्ञा मात्र माणसाने सहज वाचाव्यात अशा नसतातच.

मग सगळे स्वतःच रूपांतरित करावे? युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली दाखवून दिले की, कंपायलरमध्येच लबाडी दडवता येते आणि मूळ मजकुरात तिचा मागमूसही राहत नाही. म्हणजे स्वतः दळून आणले तरी जाते दुसऱ्यानेच घडवलेले असते! कुठेतरी विश्वास ठेवावाच लागतो.

तो कसा ठेवावा, हे २०२४च्या मार्च महिन्यात दिसले. ‘एक्सझेड’ हे माहिती आटोपशीर बांधणारे छोटे साधन असंख्य यंत्रणांत वापरले जाते. वर्षानुवर्षे ते सांभाळणारा स्वयंसेवक जवळजवळ एकटाच होता. मदतनीस म्हणून आलेल्या कोणीतरी दोनेक वर्षे खपून त्याचा विश्वास मिळवला आणि साधनात चोरदरवाजा बसवला. त्याची कळ सर्वांसमोरच्या मूळ मजकुरात नव्हती. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर प्रवेशास अर्धा सेकंद उशीर होतो आहे असे जाणवले. त्याने ते सोडून दिले नाही, आणि अनर्थ वेळीच टळला.

फ्रॉइंड काही सगळ्या जगावर संशय घेत बसला नव्हता. तो केवळ जागा होता. उलट, त्या एकट्या स्वयंसेवकाच्या श्रमांवर विसंबलेल्या असंख्यांपैकी किती जणांनी त्याची विचारपूस केली होती? विश्वासघात करणारा दोषी, हे तर खरेच. पण ज्याच्यावर सारा भार टाकला, त्याला एकटे सोडणाऱ्यांच्या पदरीही काही दोष येतोच.

आता डेबियनसारख्या प्रकल्पांत अनेकजण असा प्रयत्न करीत आहेत की, एकाच मूळ मजकुरापासून कोणीही, कुठेही केलेले रूपांतर तंतोतंत सारखेच यावे. दोन अनोळखी दुभाष्यांचे भाषांतर अक्षरन् अक्षर जुळले, तर लबाडीला जागा फार थोडी उरते. प्रत्येकाने तपासावे असे नाही; ज्याला तपासायचे आहे त्याची वाट मोकळी असावी, एवढेच.

नदीचे मूळ रोज शोधू नये, हे मान्य. पण उगमाकडे जाणारी पायवाट बुजू देऊ नये, आणि तिथे राखण करणाऱ्याकडे अधूनमधून कोणीतरी शिदोरी घेऊन जावे.