अर्धी मात्रा मागून

हॅमंड ऑर्गन सुरू करायला दोन खटके लागतात. पहिला काही सेकंद दाबून धरायचा आणि मग दुसरा टाकायचा. १६ जून १९६५ रोजी न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत ॲल कूपर ज्या ऑर्गनवर जाऊन बसला, त्याचे खटके त्याला माहीतच नव्हते. आधी तिथे बसलेला पॉल ग्रिफिन पियानोकडे गेला होता आणि जाताना त्याने वाद्य बंद केलं नव्हतं, म्हणून निभावलं. बंद असतं तर सुरू कसं करायचं हे मला कळलं नसतं, असं कूपर पुढे स्वतःच सांगत असे.

त्या दिवसाची गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिची दंतकथा झाली. निर्माता टॉम विल्सनने या एकवीस वर्षांच्या मुलाला बॉब डिलनचं ध्वनिमुद्रण नुसतं बघायला बोलावलं होतं. तो आपली गिटार घेऊन आला. गिटारवादक माइक ब्लूमफील्डने हात मोकळा करायला चार सुरावटी वाजवल्या मात्र, कूपरने आपली गिटार मुकाट्याने पेटीत ठेवली. मग विल्सन फोनवर गेल्याची संधी साधून तो ऑर्गनवर सरकला. टेप ऐकताना डिलनने ऑर्गनचा आवाज वाढवायला सांगितलं. हा ऑर्गनवाला नव्हेच, हे विल्सनचं म्हणणं त्याने मनावर घेतलं नाही. ते गाणं, 'लाइक अ रोलिंग स्टोन', अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. नशीब आणि थोडा आगाऊपणा, असं म्हणून ही गोष्ट संपवली जाते.

मला ती तिथे संपलेली वाटत नाही. खुर्ची नशिबाने मिळाली हे खरं. पण सहा मिनिटं त्या खुर्चीत बसून त्याने काय केलं, ते कानांनी तपासता येतं. गाणं ओळखीचं नव्हतं. पुढचा कॉर्ड कुठला येणार याची त्याला खात्री नव्हती. म्हणून तो बाकीच्यांचा कॉर्ड बदललेला ऐकायचा आणि मग पट्ट्या दाबायचा. ऑर्गन त्यामुळे प्रत्येक वेळी साधारण अर्धी मात्रा मागून येतो. ख्यालाच्या मैफिलीत संवादिनीची साथ ऐकलेल्या माणसाला हे चटकन उमगेल. चांगला साथीदार गायकाच्या पुढे धावत नाही. सूर कुठे टेकतोय ते बघतो आणि मागोमाग तिथे पोचतो. कूपरला ही साथ कुणी शिकवली नव्हती. त्या दिवशी गरजेपोटी तो तिथवर आला आणि ते गाण्याला शोभतंय हे त्याच्या कानाने ओळखलं. शोभलं नसतं तर तो तिथे थांबला नसता, असं मला वाटतं. गिटार पेटीत ठेवणारा माणूस तोच होता.

शिवाय तो नवखा अजिबात नव्हता. चौदाव्या वर्षी तो रॉयल टीन्स या बँडमध्ये वाजवायला लागला होता. पुढे मागणीनुसार गाणी लिहून देणाऱ्यांत त्याचा वावर होता. त्याने दोघांबरोबर लिहिलेलं 'धिस डायमंड रिंग' १९६५च्या फेब्रुवारीत, म्हणजे डिलनच्या त्या दिवसाआधी चारच महिने, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. गाण्यात भरलेलं किती आणि मोकळं किती, हे अशी माणसं पोटासाठी शिकतात.

कूपरची कारकीर्द सांगताना 'चतुरस्र' हा शब्द हमखास येतो आणि मला तोच खटकतो. वादक, गीतकार, निर्माता, गायक, बँडचा संस्थापक अशी यादी केली की वाटतं, या माणसाकडे पाच-सहा कला होत्या. माझ्या मते त्याच्याकडे कला एकच होती: समोरच्या गाण्यात काय कमी आहे ते ऐकू येणं. बाकी सगळं त्या एका गुणाचं निरनिराळ्या खोल्यांतलं रूप आहे.

खोली या शब्दावरून नॅशव्हिल आठवतं. १९६६ साली 'ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड' या अल्बमच्या वेळी डिलनच्या हॉटेलच्या खोलीत पियानो ठेवला होता. डिलन शब्द जुळवत बसायचा आणि कूपर तेच गाणं त्याला पुन्हा पुन्हा वाजवून दाखवायचा, टेपरेकॉर्डरसारखं. नंतर तो डिलनच्या आधी स्टुडिओत जायचा आणि तिथल्या वादकांना गाणं शिकवायचा. म्हणजे डिलन दारातून आत येईपर्यंत गाणं उभं असायचं. या कामाला श्रेयनामावलीत कोणता शब्द आहे? वादनात ते बसत नाही आणि लेखनातही बसत नाही.

दुसरं उदाहरण तर त्याने एकही सूर न वाजवता घडवलेलं. झॉम्बीज या इंग्रज बँडचा 'ओडेसी अँड ओरॅकल' हा अल्बम अमेरिकेत काढण्यात कोलंबियाला रस नव्हता. तेव्हा कंपनीत नोकरीला असलेल्या कूपरने लंडनहून ती तबकडी आणली आणि ती काढायलाच हवी असा आग्रह धरला. त्यातलं 'टाइम ऑफ द सीझन' १९६९ साली अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. तोवर बँड मोडून गेला होता. एका माणसाने कानावर विश्वास ठेवला नसता तर ते गाणं गोदामात पडून राहण्याचीच शक्यता जास्त होती.

रोलिंग स्टोन्सच्या 'यू कान्ट ऑल्वेज गेट व्हॉट यू वॉन्ट'मध्ये पियानो आणि ऑर्गन त्याचेच आहेत. आरंभी येणारा फ्रेंच हॉर्नही त्याचाच. १९७२च्या सुमारास अटलांटात त्याला लिनर्ड स्किनर्ड हा बँड ऐकायला मिळाला आणि त्यांच्या पहिल्या तिन्ही अल्बमची निर्मिती त्याने केली. 'फ्री बर्ड'मधला ऑर्गनही तोच वाजवतो, पण अल्बमवर नाव आहे रूझवेल्ट गुक. हे त्याचं टोपणनाव.

आता दुसरी बाजू. ब्लड, स्वेट अँड टिअर्स हा बँड त्याने १९६७ साली उभा केला. रॉकमध्ये पितळी वाद्यांचा ताफा आणायचा ही त्याची कल्पना. पहिल्या अल्बमनंतर मात्र सहकाऱ्यांना अधिक दमदार गळा हवा होता आणि कूपर बाहेर पडला. गायक डेव्हिड क्लेटन-थॉमसला घेऊन केलेल्या दुसऱ्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. सहकाऱ्यांचा निर्णय मला सलतो, पण तो चुकीचा होता असं म्हणवत नाही. त्या गाण्यांत काय कमी होतं ते त्यांना ऐकू आलं, कूपरला आलं नाही. कमी होता तो त्याचाच आवाज. पुढे त्याने स्वतःच्या नावाने बरेच अल्बम काढले, पण त्यांतल्या कुठल्याही गाण्याला दुसऱ्यांच्या गाण्यांतल्या त्याच्या वादनाएवढी जागा लोकांच्या मनात मिळाली नाही.

हे अपयश मानायचं का? आपण कारकीर्द मोजतो ती मधोमध उभ्या राहिलेल्या माणसाच्या मापाने. त्या मापात कूपर सदैव उणा पडणार. पण त्याला वजा करून त्या दशकातली गाणी ऐकायचा प्रयत्न करा. डिलनच्या गाण्यातला राग ऑर्गनशिवाय नुसता कर्कश वाटेल. स्टोन्सच्या गाण्याला सुरुवातीचं एकाकीपण उरणार नाही. ही उणीव ज्याच्या नसण्याने होते, त्याला साहाय्यक म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने सांगीतिक श्रेष्ठतेसाठी त्याची निवड केली ती २०२३ साली. तेव्हा तो ७९ वर्षांचा होता.

आज ते १९६५चं गाणं लावलंत, तर निदान पहिल्या कडव्यापुरतं डिलनकडे दुर्लक्ष करा. ऑर्गन कॉर्डमागून किती अंतराने येतो, तेवढंच ऐका.