मागच्या बाकावरचे गाणे



संत याकोबाच्या पत्रातील आजचे वाचन ऐकताना आपण थोडे अस्वस्थ झालो असू, तर बरेच झाले. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला पुढची जागा, आणि मळक्या कपड्यांतला गरीब आला की त्याने उभे राहावे, नाहीतर कोणाच्या तरी पायाशी बसावे, असे चालले आहे म्हणून याकोब रागावला आहे. तो परक्यांवर रागावलेला नाही. तो आपल्याच मंडळीला बोलतो आहे.

या वाचनावर मनन करताना आपल्याला एक गाणे आठवते. 'हम होंगे कामयाब' हे गाणे आपल्यातील बहुतेकांनी शाळेत म्हटले आहे, आपली मुलेही म्हणतात. आपण ते आपल्याच देशातले समजतो. हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुर यांचे खरे, पण मूळ गाणे अमेरिकेतील काळ्या लोकांचे आहे. फिलाडेल्फियाचे धर्मोपदेशक चार्ल्स टिंडली यांनी सुमारे 1900 साली रचलेल्या एका भक्तिगीतापर्यंत त्याचे मूळ नेले जाते. टिंडली यांचे वडील गुलाम होते. पुढे 1945-46 मध्ये चार्ल्सटन शहरातील तंबाखू कारखान्याच्या संपात कामगार स्त्रियांनी ते गायले आणि 1960 नंतर नागरी हक्कांच्या मोर्चांत ते सगळीकडे पसरले. देवळातून कारखान्यात, कारखान्यातून रस्त्यावर आणि तिथून आपल्या जिल्हा परिषद शाळेच्या प्रार्थनेला, असा त्याचा प्रवास आहे.

गुलामांना लिहिण्या-वाचण्याची बंदी होती. अनेक राज्यांत तसा कायदाच होता. तरी मोशे आणि इस्राएल प्रजेची मिसरमधून झालेली सुटका त्यांनी कानांनी ऐकली आणि तिची गाणी केली. धनी समजत, हे बायबलमधल्या जुन्या गोष्टी गात आहेत. गाणाऱ्यांना मात्र आपला फारो कोण हे पक्के ठाऊक होते. 1865 मध्ये अमेरिकेत गुलामगिरी संपली. 1871 मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातील मुलामुलींचा एक गट आपल्या संस्थेसाठी पैसे जमवायला हीच गाणी गात निघाला. पुढे जॅझ आले, ब्लूज आले, गॉस्पेल आले. आज जगात कुठेही रेडिओ लावा, त्या संगीतात या लोकांचा श्वास आहे.

अमेरिकेने ही गाणी घेतली. गाणाऱ्याला मात्र हॉटेलात मागच्या दाराने आत घेतले आणि रात्री तिथे झोपू दिले नाही. बसमध्ये तो मागे. आणि हे सांगताना जीभ अडखळते, पण आपल्या कॅथोलिक देवळांतही तो मागेच. ऑगस्टस टोल्टन हा गुलाम आईबापांचा मुलगा. त्याला धर्मगुरू व्हायचे होते. अमेरिकेतील एकाही सेमिनरीने त्याला घेतले नाही. शेवटी तो रोमला गेला आणि 1886 मध्ये तिथे त्याची गुरुदीक्षा झाली. 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याला 'वंदनीय' घोषित केले. पवित्र सभेला त्याची ओळख पटायला वेळ लागला, इतकेच म्हणू या.

हे दूरदेशीचे दुखणे आहे असे मात्र कोणी समजू नये. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलाम मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, ते दोन्हीकडचे दुखणे एकच आहे हे ओळखून. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग 1959 मध्ये भारतात आले होते. केरळातील एका शाळेत, जिथे पूर्वी अस्पृश्य मानलेल्या घरांतली मुले शिकत होती, मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य बांधव अशी करून दिली. किंग यांना क्षणभर धक्का बसला, रागही आला. मग विचार केल्यावर त्यांना ते खरे वाटले. हे त्यांनी स्वतःच पुढे एका प्रवचनात सांगितले.

आता आपल्या शेणव्याकडे येऊ. वारली चित्रे आज शहरात लग्नपत्रिकांवर, साड्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर आहेत. वारल्याला त्या हॉटेलात कोण बसवतो? तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते. भातसा आणि वैतरणेचेही जाते. आपल्या शहापूर तालुक्यातील पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हे बोलताना आपण सगळे एक असतो, कारण इथे आपण मागच्या बाकावर आहोत.

पण आपल्याही मागे एक बाक आहे. त्यावर कातकरी बसतो. दिवाळी झाली की तो बयाणा, म्हणजे उचल, घेऊन बायकापोरांसह वीटभट्टीवर जातो. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या अंगावर कर्जच उरलेले असते. वेठबिगारीवर कायद्याने बंदी आली ती 1976 मध्ये. आपल्यातील काहींची घरे त्याने थापलेल्या विटांची आहेत. त्याने आणलेला मध, खेकडे, रानभाजी आपण घेतो, घासाघीस करून घेतो. पाणी मागितले तर त्याला कुठल्या भांड्यातून देतो, हे ज्याचे त्याने आठवावे. आम्ही हे लिहिणारेही त्यातून सुटलेलो नाही.

सिस्टर थिया बोमन ही मिसिसिपीची काळी धर्मभगिनी. जून 1989 मध्ये ती अमेरिकेच्या महागुरूंच्या सभेपुढे बोलली. कर्करोगाने खंगली होती, चाकाच्या खुर्चीवर होती. शेवटी तिने सर्व महागुरूंना उभे केले, हात छातीवर आडवे घेऊन शेजाऱ्याचे हात धरायला लावले आणि तेच गाणे गायला लावले. त्यात मधे अंतर ठेवता येत नाही, शेजाऱ्याला खेटूनच उभे राहावे लागते. पुढच्या मार्चमध्ये ती देवाघरी गेली.

दिवाळीला अजून काही आठवडे आहेत. वाड्या रिकाम्या होण्याआधी भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतली कोणती मुले मागे राहू शकतील, आणि कोणाच्या ओसरीवर त्यांची रात्रीची भाकरी होईल, हे पुढच्या रविवारी मिस्सानंतर बसून ठरवायचे आहे. त्यांच्या आईबापांनाही बोलावले आहे. सतरंजी एकच घालायची आहे.