साक्षीदारही चालत असतो

आकाशयानाला स्वतःचा वेग स्वतःहून कळतो काय? एंजिन बंद करून एकसारख्या गतीने जाणाऱ्या यानाला, बाहेर कान दिल्यावाचून, तो मुळीच कळत नाही. गॅलिलिओने जहाजाच्या बंद खोलीचा दाखला देऊन हे १६३२ सालीच सांगितले होते.

सध्याची रीत अशी : पृथ्वीने लहर पाठवावी, यानाने ती परतवावी आणि तिच्या कंप्रतेत पडलेल्या फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, पृथ्वीने वेग काढावा. ही भिस्त घरच्या हाकेवर. २०२३ च्या जुलैत एका चुकीच्या आज्ञेने व्हॉयेजर-२ चा अँटेना पृथ्वीपासून दोन अंश ढळला आणि ४ ऑगस्टपर्यंत संवाद थांबला.

मग निसर्गाचेच स्वर का ऐकू नयेत? आकाशगंगेतील हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झवर अखंड बोलत असतो. व्हॉयेजर-१ चा वेग सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर. त्या वेगाने एखाद्या मेघापासून दूर जाताना हा स्वर सुमारे ८० किलोहर्ट्झने उतरेल. एवढा फरक मोजणे अवघड नाही. अडचण निराळीच आहे. तो मेघही धावत असतो. हाती येणारा आकडा दोघांच्या चालीचा मिळून असतो आणि त्यातील आपला वाटा किती, हे त्या एका स्वरावरून ठरत नाही.

माझे वडील म्हणत, ‘‘तू फार लांब गेलास.’’ कित्येक वर्षे तो सगळा फरक मी माझ्याच खाती मांडला. पुढे, तेही सरकले होते हे उमगले, तेव्हा सगळा त्यांच्या खाती टाकून मोकळा झालो. (दुसरी चूक पहिलीपेक्षा सुखाची, हे कबूल केले पाहिजे.)

विज्ञानाने यातून वाट काढली ती साक्षीदार वाढवून. विश्वाच्या आरंभकाळातील सूक्ष्मलहरी सर्व दिशांनी येतात. त्या एका बाजूस किंचित उष्ण, नेमक्या विरुद्ध बाजूस तितक्याच थंड भासतात. या लहरींना आपल्याशी काही देणेघेणे नाही. त्यांच्यात दिसणारी ही सुसंगत तफावत आपल्याच चालीची मानली जाते. सूर्यमालेचा सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर हा वेग असाच काढला गेला.

एकाच दिशेच्या तक्रारीत दोष कोणाचाही असू शकेल. पण समोरचे सारे एक सांगत असतील, पाठीमागचे नेमके उलट, आणि या साक्षीदारांची एकमेकांशी ओळखही नसेल, तर मेघाकडे बोट दाखवण्याची सोय उरत नाही. वडिलांखेरीज दुसऱ्या कोणाला मी कधी विचारलेच नव्हते.