पंच कोणीं व्हावें?

शिवी देणाऱ्याला आवरण्याचें काम कोणाचें, हा प्रश्न समाजाइतकाच जुना आहे; परंतु ज्या समाजाला भूमि नाहीं, चावडी नाहीं, आणि ज्यांतील माणसें परस्परांना केवळ टोपणनांवांनीं ओळखतात, तेथें त्याला निराळेंच वळण लागतें. संगणकावरील खेळांत आणि आंतरजालावरील मंडळ्यांत आज आपलीं मुलें तासन् तास वावरतात. तेथें कोणी त्यांना छळलें तर दाद कोठें मागावयाची?

या प्रश्नाचें स्वरूप उघड करणारा एक प्रसंग १९९३ सालीं अमेरिकेंत घडला. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील संशोधनसंस्थेंत पाव्हेल कर्टिस यांनीं १९९० सालीं ‘लॅम्ब्डामू’ नांवाचें एक शब्दमय जग उभारलें होतें. त्यांत चित्रें नव्हतीं. दिवाणखाना, माणसें, सर्व कांहीं लिखित वर्णनांनीं घडलेलें. त्याच्या चालकांना ‘जादूगार’ म्हणत. डिसेंबर १९९२ मध्यें या जादूगारांनीं जाहीर केलें कीं, यापुढें आम्ही यंत्र तेवढें सांभाळूं. रहिवाशांचे तंटे रहिवाशांनींच मिटवावे. घोषणा उदार खरी! पण पुढच्याच मार्चांत ‘मिस्टर बंगल’ हें नांव धारण करणाऱ्या एकानें इतरांच्या नांवावर वाक्यें उमटविण्याची युक्ति योजिली, आणि भर दिवाणखान्यांत, सर्वांच्या देखत, दुसऱ्या पात्रांवरील अत्याचाराचीं किळसवाणीं वर्णनें मांडलीं.

नको त्या माणसाचे शब्द आपल्यापुरते बंद करण्याची सोय त्या जगांत होती, आणि पीडितांनीं ती वापरावयाची होती असें म्हणणारेही निघाले. हा उपदेश आजही सर्वत्र ऐकूं येतो. परंतु कान झांकल्यानें अपमान थांबत नाहीं. ज्याचा अपमान झाला त्याला तेवढा तो ऐकूं येत नाहीं, इतकेंच. चव्हाट्यावर कोणी आपल्या लेकीचें नांव घेऊन अभद्र बोलत असतां तिलाच ‘दार लावून घे’ म्हणून सांगणाऱ्या बापाची योग्यता आपण काय ठरवूं? शिवाय येथें दंड उलटा पडतो. उपद्रवी मनुष्य सभेंत बसून राहतो आणि उठून जावें लागतें तें सोसणाऱ्याला.

पुढें रहिवाशांची सभा भरली. बंगल स्वतः तेथें आला, आणि घडल्या प्रकाराचा आपल्या खऱ्या आयुष्यावर कांहीं परिणाम नाहीं असें त्यानें सांगितलें. (दुसऱ्यांच्या आयुष्याविषयीं त्याला बोलावेंसें वाटलें नाहीं!) वाद पुष्कळ झाला, निर्णय कांहींच नाहीं. अखेर एका जादूगारानें आपल्याच अखत्यारांत तें पात्र पुसून टाकलें. फळ योग्य, पण रीत सुलतानी. नंतर कर्टिस यांनीं अर्ज व मतदान यांची पद्धति घालून दिली. तीही पुरी पडली नाहीं, आणि १९९६ सालीं जादूगारांनीं सामाजिक निर्णयांचा अधिकार पुन्हा आपल्या हातीं घेतला.

मग न्याय लोकांनींच करावा काय? ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळाच्या मालकांनीं २०११ सालीं तोही प्रयोग केला. खेळाडूंनींच तक्रारी वाचून शिक्षा कीं क्षमा तें मतानें ठरवावें. आणि आरंभीं तर बहुमताशीं जुळणारें मत देणाऱ्यास खेळांतील नाणीं बक्षीस मिळत. पंचाला न्यायाबद्दल नव्हे, तर इतरांशीं जुळल्याबद्दल दाम! २०१४ सालीं हें न्यायालय बंद झालें. महाराष्ट्रीयांना तरी गावकीच्या न्यायाची भुरळ पडूं नये. वाळीत टाकणाऱ्या जातपंचायतींपासून माणसांना वांचविण्यासाठीं २०१६ सालीं आपल्या विधिमंडळाला कायदा करावा लागला आहे.

सरकारकडे जावें, तर धमकी, पाठलाग, मुलांचा छळ यांसाठीं पोलिस हवेतच. परंतु त्रासदायक वाटणाऱ्या मजकुराबद्दलही तुरुंग दाखविणारें माहिती-तंत्रज्ञान कायद्याचें ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं रद्द केलें, तें उगीच नव्हे. प्रत्येक उद्धटपणा फौजदाराच्या हवालीं करणें म्हणजे फौजदारालाच संभाषणाचा संपादक नेमणें होय.

माझ्या मतें पहिला भार मालकाचाच. किल्ली त्याच्या हातीं आहे, आणि गर्दीवर नफाही तोच मिळवितो. मात्र नियम आधीं सांगणें, काढून टाकल्यास कारण देणें आणि फेरविचाराला दुसरा माणूस बसविणें, एवढें त्याच्याकडून घेतलेंच पाहिजे. खेळाडूंनीं न्यायाधीश होऊं नये. साक्षीदार मात्र व्हावें, आणि तेंही त्याच क्षणीं.

मालक म्हणतो, हें फार खर्चाचें आहे. आहेच. घाण उपसणाराच्या अंगाला ती लागते. असा मजकूर दिवसभर पाहून मनानें खचलेल्या अमेरिकेंतील नोकरांच्या दाव्यांत फेसबुकनें २०२० सालीं ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचें मान्य केलें. तोंवर तो खर्च त्या नोकरांनीं आपल्या झोपेंतून भागविला होता.