दुसऱ्याच्या उपासाचा अधिकार

एकादशी करणारा मनुष्य स्वतः निराहार राहतो, परंतु घरातील तान्ह्या मुलाचे दूध काही तो बंद करीत नाही. स्वतःच्या भुकेवर ज्याची त्याची सत्ता. दुसऱ्याच्या भुकेवर ती कोणाची, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. मागे एकदा वर्गात मुंबईच्या गिरणी कामगारांच्या १९२८ सालच्या संपाविषयी बोलणे चालले असता एका विद्यार्थिनीने तो सरळच विचारला. “सहा महिने गिरण्या बंद होत्या असे आपण सांगता, त्या सहा महिन्यांत संप पुकारणाऱ्यांच्या घरी चूल पेटत होती की नाही?” मी काहीतरी बोलून तास संपविला. ते उत्तर नव्हते, हे तिलाही कळले आणि मलाही. पुढे लिहितो ते त्या राहिलेल्या उत्तराच्या शोधात.

त्या संपाच्या प्रमुख सूत्रधारांपैकी एक म्हणजे कै. श्रीपाद अमृत डांगे. जन्म १८९९ सालचा, नाशिककडचा. विल्सन कॉलेजातील शिक्षण त्यांनी असहकाराच्या लाटेत सोडले. १९२१ साली गांधी आणि लेनिन ह्यांची तुलना करणारे पुस्तक इंग्रजीत लिहिले, पुढच्याच वर्षी ‘सोशॅलिस्ट’ हे साप्ताहिक काढले, आणि १९२४ साली कानपूरच्या बोल्शेव्हिक कटाच्या खटल्यात चार वर्षांची शिक्षा त्यांच्या वाट्यास आली. १९२७ साली ते सुटून आले तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत असंतोष धुमसत होता. दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराने तीन माग चालवावेत, कातणाऱ्याने दुप्पट चात्यांकडे पाहावे, आणि ह्या ‘सुधारणे’मुळे जे जास्त ठरतील त्यांनी घरी बसावे, असा मालकांचा बेत होता. १९२८ च्या एप्रिलात संप पेटला. सुमारे दीड लाख माणसे बाहेर पडली. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. तिचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम अळवे हे स्वतः गिरणीत राबलेले. सरचिटणीस डांगे मात्र गिरणीत कधी न राबलेले, पुस्तकांतून कामगारांपर्यंत पोचलेले. आमच्यासारख्या पांढरपेशा वाचकास हा प्रश्न डांग्यांच्या संबंधातच अधिक टोचतो, कारण ते आपल्याच घरांतून उठून तिकडे गेले होते.

अशा मनुष्याने दीड लाख कुटुंबांस “आणखी एक महिना धीर धरा” असे म्हणावे, ह्याला आधार कोणता?

पहिले उत्तर ज्ञानाचे आहे. रोग्यास काय हितकर हे वैद्य जाणतो, तसे इतिहासाची गती कोणीकडे आहे हे पुढारी जाणतो, म्हणून त्याने सांगावे आणि इतरांनी सोसावे. डांगे हे मोठ्या व्यासंगाचे पुरुष होते, ह्यात शंका नाही. परंतु ज्ञानाच्या ह्या दाव्याची परीक्षा त्यांच्याच पक्षाच्या चरित्रात झालेली आहे. मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी मुंबईत मोठा संप झाला व त्यात कम्युनिस्ट पुढे होते. १९४१ साली हिटलरने रशियावर स्वारी केली, आणि आदल्या दिवसापर्यंत साम्राज्यशाहीचे ठरलेले युद्ध पाहता पाहता लोकयुद्ध बनले. ज्यांनी संप लढविला त्यांनीच आता उत्पादन थांबू नये असे सांगावयास आरंभ केला. कामगाराच्या ताटातील भाकरी मात्र दोन्ही वेळी तेवढीच अपुरी होती. ती भूमिका चूक होती की बरोबर, हा वाद येथे नको. मुद्दा इतकाच की, पुढाऱ्याचे ज्ञान बदलू शकते, चुकूही शकते. आणि ज्याची चूक दुसऱ्याच्या पोटावर वसूल होते, त्याला केवळ ज्ञानाच्या बळावर एवढा मोठा अधिकार देता येत नाही.

दुसरे उत्तर अधिक हृदयस्पर्शी आहे. जो स्वतः सोसतो, त्याने इतरांस सोसावयास सांगावे. १९१८ साली अहमदाबादच्या गिरण्यांतील संपात कामगारांचा धीर सुटू लागला, तेव्हा कोणीतरी टोमणा मारला की, गांधीजी आणि अनसूयाबेन मोटारीतून येतात-जातात, चांगलेचुंगले खातात. उपाशी मरावयाचे ते आम्ही. तो टोमणा गांधीजींच्या वर्मी लागला आणि त्यांनी उपोषण आरंभिले. तीन दिवसांत तडजोड झाली. परंतु गांधीजींची सत्यनिष्ठा अशी की, आपल्या उपोषणाचे दडपण गिरणीमालकांवर आले व तेवढ्यापुरता त्या विजयास डाग लागला, हे त्यांनीच पुढे कबूल केले.

डांग्यांनी उपोषणाचा मार्ग धरला नाही. त्यांचे सोसणे तुरुंगातले. २० मार्च १९२९ रोजी मीरत खटल्यासाठी धरपकड झाली, तीत अळवे आणि कासले ह्या कामगार पुढाऱ्यांबरोबर तेही होते. जानेवारी १९३३ मध्ये त्यांना बारा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपिलात ती तीन वर्षांवर आली. कानपूर आणि मीरत मिळून ऐन तारुण्याची कितीतरी वर्षे गजांआड गेली. पुढाऱ्याचे हे सोसणे अनुयायांच्या दृष्टीने किती मोलाचे असते, हे १९६४ साली दिसले. डांगे ह्यांनी कानपूरच्या काळात तुरुंगातून सरकारला लिहिली असे म्हटली जाणारी पत्रे पुढे आली, आणि पक्षात आधीच पेटलेल्या भांडणात तेल पडले. ती बनावट आहेत असे डांगे ह्यांनी ठामपणे सांगितले. चाळीस वर्षांपूर्वीच्या काही कागदांनी एवढी खळबळ का व्हावी? कारण तुरुंगवास हेच पुढाऱ्याचे अधिकारपत्र मानले गेले होते, आणि त्याच्याच खरेपणावर शंका घेतली गेली होती.

तथापि हेही उत्तर पुरते नाही. तुरुंगातल्या पुढाऱ्यास कसले का होईना दोन वेळचे अन्न मिळते, आणि बाहेर आल्यावर हारतुरे मिळतात. संपातल्या कामगाराच्या बायकोस ह्यांतले काहीच मिळत नाही. एकाच्या सोसण्याचे चरित्र होते. दुसऱ्याचे सोसणे वाण्याच्या वहीत उधारी म्हणून राहते. दोन्ही दुःखे खरी असली तरी त्यांचा विनिमय होऊ शकत नाही. मी उपाशी राहिलो म्हणून तूही राहा, हे स्नेहाचे बोलणे होईल, न्यायाचे नव्हे.

मग तिसरे उत्तर उरते, ते संमतीचे. संप पुढारी करीत नाही, कामगार करतात. पुढारी केवळ त्यांचा आवाज. १९२८ च्या संपात गिरणगावात रोजच्या रोज सभा भरत, हजारो हात वर होत, हे खरे आहे. परंतु सभेत हात वर करणारा कोण, आणि त्या हाताची किंमत देणारा कोण, हे पाहिले पाहिजे. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत राबणाऱ्या बाया घरी जाऊन मुलांना काय सांगणार, हे सभेत विचारले जात नव्हते. डांगे ह्यांच्या पत्नी उषाताई ह्यांनी कामगार स्त्रियांत काम केले आणि पुढे आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव ‘पण ऐकतं कोण?’ आहे. हे नावच पुष्कळ काही सांगून जाते.

त्याहून मोठी अडचण डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिली. गिरण्यांतील विणकाम खाते सर्वांत जास्त मजुरीचे. परंतु धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्यांना त्या खात्यात इतर कामगार शिरू देत नसत. म्हणजे ज्या मजुरीच्या रक्षणासाठी सर्वांनी उपाशी राहावयाचे, ती मजुरी मिळविण्याचा दरवाजा काहींना सहकाऱ्यांनीच बंद केलेला! आंबेडकरांनी हा अन्याय दूर करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावयास लावली. पुढाऱ्यांनी ती घातली, पण अनिच्छेने. ऐक्याच्या नावाने मागितलेल्या संमतीत केवढे भगदाड असू शकते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. हेच आंबेडकर ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, कम्युनिस्टांच्या जोडीने एक दिवसाच्या संपात उतरले. मनुष्यास त्याच्या इच्छेविरुद्ध कामास जुंपणे ही गुलामगिरी होय, ही त्यांची भूमिका होती. संपाचा हक्क त्यांना मान्य होता. कोणाच्या तरी नावावर तो परस्पर खर्च करणे मान्य नव्हते.

येथे कोणी म्हणेल की, एवढे प्रश्न पुढाऱ्यासच का? उपास काय तोच लादतो? हा आक्षेप योग्य आहे. १९२५ साली मुंबईच्या मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. कामगार संपावर गेले आणि सुमारे तीन महिने उपाशी राहिले. डिसेंबरात सरकारने कापडावरील साडेतीन टक्क्यांची जकात तहकूब केली, तेव्हा मालकांनी कपात मागे घेतली. सरकार आणि मालक ह्यांच्यातील देण्याघेण्याचा हिशेब कामगारांच्या चुलींवर चुकता झाला, आणि त्यासाठी कोणी हात वर करावयास सांगितले नव्हते. जेथे उपास कोणी पुकारल्यावाचूनच चाललेला असतो, तेथे तो पुकारून, तोंड उघडून करावा असे सांगणारा मनुष्य काही अंशी उपाशी माणसाची प्रतिष्ठाच त्याला परत देत असतो. डांगे ह्यांच्या आयुष्याचे मोल मला येथे दिसते. त्यांनी भूक निर्माण केली नाही. मुकी होती, तिला भाषा दिली.

परंतु भाषा देणाऱ्यावर एक ऋण चढते. ते फेडले जाते ते संप पुकारताना नव्हे, संप थांबविताना. १९२८ च्या ऑक्टोबरात नेमस्त ना. म. जोशी आणि जहाल डांगे एकाच संप समितीत बसलेले होते. न्यायमूर्ती फॉसेट ह्यांच्या चौकशी समितीचा तोडगा पूर्ण विजय नव्हता, तरी तो स्वीकारून त्यांनी माणसे कामावर परत नेली. त्या हिवाळ्यात युनियनचे सभासद पन्नास हजारांवर गेले. पुढच्या वर्षी डांगे प्रभृती मीरतच्या तुरुंगात असताना पुन्हा सार्वत्रिक संप झाला. तो वेळीच आवरता आला नाही, फसला. आणि हजारांची युनियन शेकड्यांवर आली. लढाईस तोंड लावावयास शौर्य लागते. परंतु “आता पुरे, आज एवढेच मिळाले” असे आपल्याच माणसांच्या रागास सामोरे जाऊन सांगावयास त्याहून निराळे धैर्य लागते.

हे मी पुस्तकांतूनच शिकलो असे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा मी शाळेत होतो. माझे वडील कारकून. पगार एक तारखेस घरी येई. शेजारच्या बाकावरील मुलाचे वडील साच्यावर काम करीत. दिवाळीच्या सुमारास तो मुलगा शाळेत येईनासा झाला. आमच्या घरी म्हणत, “ह्यांनी कोणाच्या नादी लागावयास नको होते.” नादी लागले नव्हते, कायद्याने मान्य असलेल्या संघावरील विश्वास उडाल्यामुळे कामगार आपण होऊन डॉक्टरांकडे गेले होते. पुष्कळ वर्षांनी त्या मुलाचे वडील मला भेटले. मी भीत भीत विचारले, “पश्चात्ताप होतो का?” ते म्हणाले, “संप केल्याचा नाही. पण संप संपला असं आम्हाला अजून कोणी येऊन सांगितलेलं नाही, मास्तर.” तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. १९९७ साली सामंत ह्यांची हत्या झाली, आणि सांगणाराही उरला नाही.

डांगे ह्यांना ज्या पक्षाच्या उभारणीत त्यांनी हयात घालविली त्यानेच १९८१ साली काढून टाकले. १९९१ च्या मे महिन्यात ते वारले. त्यांचे राजकारण ज्याला पटत नाही त्यालाही त्यांची योग्यता नाकारता येणार नाही, आणि ज्याला पटते त्यालाही वरील प्रश्न टाळता येणार नाहीत. दुसऱ्याच्या उपासाचा अधिकार कोणाच्याही मालकीचा नाही. तो उसना मिळतो, थोड्या मुदतीने मिळतो, आणि ज्याच्याकडून घेतला त्याच्या दारी जाऊन त्याचा हिशेब द्यावा लागतो. सभेत आलेल्यास तो द्यावयाचाच; न आलेल्या बाईस, आणि ज्याला विणकाम खात्याचे दार बंद होते त्यासही द्यावयाचा.

त्या विद्यार्थिनीस आता मी असे सांगेन: संप पुकारणाऱ्यांच्या घरी चूल पेटत होती की नाही, हे विचारलेस ते योग्यच केलेस. परंतु त्याबरोबरच आणखी दोन प्रश्न विचार. संप संपल्यावर ते कामगाराच्या दाराशी गेले होते काय? आणि आपण, ज्यांच्या घरची चूल त्या सहा महिन्यांत एकदाही विझली नाही, आपण कोठे होतो?